क्रोशाची सुई आणि भुकेची वर्षे

आपल्या ख्रिस्ती घरांत पाहुण्यांच्या खोलीत पाऊल टाकले की काही वस्तू हमखास दृष्टीस पडतात. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, कोनाड्यात मरियामातेचा पुतळा आणि त्या पुतळ्याखाली पांढऱ्या दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला एक गोल रुमाल. पूर्वी असाच रुमाल रेडिओवर असे, पुढे तो दूरदर्शन संचावर आला, आणि संच चपटे झाल्यावर टीपॉयवरील फुलदाणीखाली येऊन विसावला. सणावाराला तो धुऊन, खळ घालून, टाचण्यांनी ताणून वाळवला जातो. तो कोणी विणला असे विचारले तर उत्तर मिळते, ‘आजीने’ किंवा ‘आईने, लग्नाआधी’. मात्र ही कला आजीकडे कोठून आली, असे विचारले की बहुधा एकच उत्तर येते : ‘पोर्तुगीजांनी आणली असणार!’

आपल्या समाजातील अनेक गोष्टी खरोखरच पोर्तुगीजांच्या काळातून आलेल्या असल्याने हे उत्तर आपल्याला सहज पटते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला १५३४ साली, आणि चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला तो १७३९ साली. ज्याला आज आपण क्रोशे म्हणतो, ते विणकाम युरोपातच त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी रूढ झाले. क्रोशाचा छापील नमुना प्रथम आढळतो तो ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात, १८२३च्या सुमारास. गोव्याची गोष्ट वेगळी; तेथे पोर्तुगीज सत्ता १९६१पर्यंत होती, त्यामुळे तेथील घरांत हे काम पोर्तुगालहून आले असणे शक्य आहे. वसईकरांच्या बाबतीत मात्र पोर्तुगीजांना हे श्रेय देता येत नाही. मग ही सुई आली कोठून? या प्रश्नाचा माग काढू लागलो की आपण एका फार मोठ्या दुष्काळापर्यंत आणि काही धर्मभगिनींच्या मठापर्यंत जाऊन पोहोचतो.

‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान आकडा. युरोपात अठराव्या शतकात चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाक्याचे भरतकाम करण्याची टूम निघाली. हे काम पूर्वेकडून तेथे गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या कच्छमधील मोची समाजाचे कारागीर आरीने जे भरतकाम करतात, त्याचा टाका आणि तिकडचा टाका एकाच जातीचा आहे. पुढे कोणीतरी खालचे कापडच काढून टाकले आणि टाके नुसते हवेत, एकमेकांत गुंफले जाऊ लागले. हेच क्रोशे. म्हणजे ज्या सुईला आपण विलायती समजतो, तिच्या पूर्वजांपैकी एक आपल्याच देशातील असण्याची शक्यता आहे. ‘डॉयली’ हे नाव मात्र निखालस इंग्रजी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये डॉयली आडनावाचा एक कापडविक्या होता. त्याच्या दुकानातील स्वस्त पण दिसायला देखण्या कापडाला त्याचे नाव पडले, आणि कालांतराने ते ताटाखाली घालण्याच्या लहान रुमालाला चिकटले.

आता आयर्लंडकडे वळू. १६९५ साली तेथे असा कायदा झाला की कॅथलिकांनी शाळा चालवू नये आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशीही पाठवू नये. प्रजेतील बहुसंख्य कॅथलिक, आणि त्यांनाच शिकण्याची बंदी! या परिस्थितीत कॉर्क शहरात नॅनो नेगल (१७१८–१७८४) या स्त्रीने गरीब मुलांसाठी गुपचूप शाळा काढल्या. रात्री हातात कंदील घेऊन ती गल्लीबोळांतून आजारी आणि वृद्धांच्या भेटीला जात असे, म्हणून आजही तिचे चित्र कंदिलासहच काढले जाते. तिच्याच प्रयत्नाने १७७१ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या उर्सुलाईन धर्मभगिनी कॉर्कला आल्या. हा संघ संत अँजेला मेरिचीने १५३५ साली इटलीतील ब्रेशा येथे मुलींच्या शिक्षणासाठी स्थापन केला होता. उर्सुलाईन भगिनींना मठाबाहेर जाण्याची मुभा नव्हती. गरिबांच्या घरी जाणाऱ्या भगिनी हव्यात म्हणून नॅनोने १७७५ साली एक नवा संघ स्थापला. तोच पुढे प्रेझेंटेशन संघ म्हणून प्रसिद्ध झाला. २०१३ साली पवित्र सभेने नॅनो नेगल यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

उर्सुलाईन भगिनींचा मठ १८२५ साली कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथे गेला. तेथे श्रीमंत मुलींच्या शाळेसोबत गरीब मुलींसाठीही शाळा होती. फ्रान्सशी जुने नाते असल्याने तिकडचे सुईकाम भगिनींच्या हाती होते. ते त्यांनी या गरीब मुलींना शिकवले. त्या वेळी हा शिक्षणक्रमातील एक साधा विषय होता. तो विषय म्हणजे जगण्याचे साधन होईल, याची कल्पना त्या वेळी कोणाला आली असेल असे वाटत नाही.

१८४५च्या शरद ऋतूत आयर्लंडच्या शेतांत बटाट्यावर एक रोग पडला. पाने काळी पडली आणि जमिनीतले कंद कुजून त्यांचा चिखल झाला. आपल्याकडे भाताचे पीक गेले तर नाचणी असते, वरी असते. आयर्लंडमधील भूमिहीन मजुराकडे दुसरे काहीच नव्हते. तो रोज चार-पाच किलो बटाटे खाऊन राहत असे, कारण धान्य पिके ती जमीनदाराचा खंड भरण्यासाठी. १८४६ साली पीक पुन्हा गेले. १८४७ हे वर्ष तर ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणूनच ओळखले जाते. माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथीने रस्त्याच्या कडेला मरून पडली. १८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ साली ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या काळातही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच होती.

दुष्काळनिवारणाची सूत्रे लंडनच्या खजिना खात्यातील चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या हाती होती. सरकारने फार मदत केल्यास लोक आळशी होतील, असे त्यांचे मत होते, आणि या संकटात ईश्वरी योजना आहे असे त्यांनी पुस्तकात लिहून ठेवले. हेच ट्रेव्हेलियन १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले आणि पुढे हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्याचे सभासद. १८७६ ते १८७८ या काळात आपल्या दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात जो भीषण दुष्काळ पडला, त्या वेळीही सरकारी विचारसरणी याहून फारशी निराळी नव्हती. ईश्वराचे नाव घेऊन भुकेल्यांकडे पाठ फिरवता येते, ही गोष्ट आपण भाविकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

ईश्वराचे नाव घेणारी दुसरीही माणसे त्याच देशात होती. ब्लॅकरॉकच्या मठात शिकलेले क्रोशे आता घरोघरी पसरू लागले. लेस तर अनेक प्रकारची असते. मग क्रोशेच का? त्याचे कारण व्यवहारी आहे. सुईने विणलेल्या व्हेनिसच्या लेसला अपार वेळ लागतो आणि ती शिकण्यात वर्षे जातात. गिरद्यावर फिरक्यांनी विणायच्या लेसला उशी, टाचण्या आणि ढीगभर फिरक्या लागतात. क्रोशाला लागतो तो दोरा आणि एक आकडा. तो आकडाही विकत घ्यावा लागत नसे. शिवणाच्या सुईचे टोक वाकवून ती लाकडी मुठीत बसवली की काम भागत असे. काम हातात धरून दारात बसता येते, मुलाला मांडीवर घेऊन करता येते, मध्येच खाली ठेवता येते. आणि ज्या जुन्या व्हेनिसच्या लेसला श्रीमंत स्त्रिया भुलत, तिच्यासारखा देखावा क्रोशाने कितीतरी कमी वेळात उभा राहतो.

ही नक्कल साधण्यासाठी आयरिश स्त्रियांनी एक निराळी पद्धत वापरली. नेहमीचा गोल रुमाल मध्यापासून कडेपर्यंत एकसंध विणला जातो. आयरिश क्रोशात मात्र गुलाब, तिपानी शॅमरॉक, द्राक्षांचे घोस अशी नक्षी सुटीसुटी विणतात. जाड दोऱ्यावरून टाके घेतल्याने त्या फुलांना उठाव येतो. मग ती फुले कापडावर टाचून त्यांमधली जागा बारीक जाळीने भरतात. या पद्धतीमुळे कामाची वाटणी शक्य झाली. एका घरात फक्त गुलाब, दुसऱ्यात फक्त पाने, आणि सर्वांत कुशल बाई जाळी घालून सर्व जोडणारी. एखाद्या घराची फुलाची खास तऱ्हा असे, आणि ती आईकडून लेकीकडे जाई.

या कामात पंथाच्या भिंती आड आल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. उत्तरेकडील मोनॅहन परगण्यात क्लोन्स या गावी अँग्लिकन रेक्टरची पत्नी कॅसांड्रा हँड राहत असे. १८४७ साली तिने आपल्या भागातील भुकेल्या कुटुंबांसाठी किल्डेअर परगण्यातून शिक्षिका बोलावून क्रोशे सुरू केले. क्लोन्सच्या जाळीतील छोटी गोल गाठ आजही ‘क्लोन्स गाठ’ म्हणूनच जगभर ओळखली जाते. त्याच साली कॉर्क शहरात सुझॅना मेरेडिथ या बाईंनी अ‍ॅडलेड स्कूल काढून स्त्रियांना हे काम दिले. पुढे १८६५ साली त्यांनी या विणकरणींवर पुस्तकही लिहिले. यॉल येथील प्रेझेंटेशन मठात मदर मेरी अ‍ॅन स्मिथ यांनी जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा टाका-टाका उसवून त्याची रीत शोधून काढली आणि ती सुईची लेस मुलींना शिकवली. लंडनमध्ये मादम्वाझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके एकामागून एक छापली आणि १८५१च्या मोठ्या प्रदर्शनात पदक मिळवले. त्या काळात काही ठिकाणी धर्म बदलला तरच सूप मिळेल, असा सौदा भुकेल्यांशी केला जात असे. आयर्लंडच्या स्मृतीत ती जखम अजून आहे. ‘अन्नासाठी धर्म’ हा आरोप आपणही आपल्या देशात वेळोवेळी ऐकतो. म्हणून क्रोशाच्या या व्यवहारातील एक गोष्ट मला मोलाची वाटते : तेथे बाईला जे मिळे, ते तिच्या कामाचे दाम होते. ते घेताना तिला मान खाली घालावी लागत नव्हती.

या इतिहासाला सोन्याचा मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. दिव्याच्या मंद उजेडात बारीक जाळी विणून डोळे जात. झोपडीतील धुराने काळवंडलेली लेस धुऊन पांढरी केल्यावरच दुकानात जाई, आणि त्या दुकानातील किंमत व विणकरणीच्या हातात पडणारे पैसे यांत फार मोठे अंतर असे. पॅरिसची आवड बदलली की मागणी कोसळे. १८८३ साली लंडनच्या मॅन्शन हाऊसमध्ये आयरिश लेसचे प्रदर्शन भरले, लेडी अ‍ॅबरडीन यांनी १८९३च्या शिकागो प्रदर्शनात आयरिश खेडे उभारून ही लेस अमेरिकेला दाखवली, तेव्हा धंद्याला पुन्हा बरे दिवस आले. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांचे पोशाखच बदलले आणि तो ओसरला. तरीही ज्या वर्षांत पिकाने, सरकारने आणि जमीनदाराने हात वर केले होते, त्या वर्षांत अनेक घरांचा खंड, मक्याचे पीठ आणि काही मुलींचे अमेरिकेच्या जहाजाचे भाडे या आकड्याच्या सुईने भागवले.

आता आपल्या देशाकडे येऊ. लोरेटो संघाच्या आयरिश भगिनी १८४१च्या अखेरीस कलकत्त्याला उतरल्या. प्रेझेंटेशन भगिनी १८४२ साली मद्रासला आल्या. मुंबईत फ्रान्स आणि बेल्जियममधून आलेल्या संघांनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा काढल्या. अशा शाळांत प्रार्थना, वाचन आणि अंकगणित यांच्याबरोबर सुईकाम हा मानाचा विषय असे. १८६४ साली बी.बी.सी.आय. रेल्वे वसईवरून मुंबईत पोहोचली, आणि आपल्या मुलुखाचे मुंबईशी जाणे-येणे वाढले. मुंबईच्या शाळांत, बोर्डिंगांत शिकलेल्या मुली आणि साहेबांच्या घरी कामाला असलेल्या बायका ही कला बरोबर घेऊन परतल्या असाव्यात, असे मानणे तारखांशी जुळते. पोर्तुगीजांच्या तारखा जुळत नाहीत, या जुळतात. शिवाय क्रोशाचे मराठी पाहा : साखळी, खांब, मुका खांब. हे शब्द पोर्तुगीजांतून आलेले नाहीत. ते आपल्या बायकांनी आपल्याच बोलीत बसवले आहेत.

आंध्रातील नरसापूरची गोष्ट तर आयर्लंडचीच दुसरी आवृत्ती म्हणावी. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी गरीब ख्रिस्ती स्त्रियांना लेस शिकवली. पुढे ती हजारो घरांत पसरली आणि परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथे राहून अभ्यास केला आणि १८८२ साली नव्हे, अगदी अलीकडे, १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना असे दिसले की दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या स्त्रीला कोणी कामगार म्हणत नाही. ती ‘गृहिणी’, फावल्या वेळात विणते, एवढेच. आणि तिचा वेळ ‘फावला’ ठरला की तिला कमी पैसे देणे सोपे जाते. व्यापार पुरुषांच्या हाती, नफा त्यांचा. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. नावाला मान मिळाला, हे चांगले झाले. हाताला दाम मिळतो का, हे पाहणे पुढचे काम.

हा ‘फावला वेळ’ आपल्या घरांतही आहे. चर्चच्या वेदीवरील वस्त्राची क्रोशाची कड, बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस, पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत टेबलावर अंथरलेले कापड : यांतील कोणत्या कामावर विणणारीचे नाव आहे? चर्चच्या भिंतीवर घंटा देणाऱ्याचे नाव संगमरवरात असते. ज्या बाईने चार महिने रात्री जागून वेदीचे वस्त्र विणले, तिचे नाव तिच्या नातवंडांनाही नीट आठवत नाही. इतिहास लिहिताना आपण किल्ले, तह आणि धर्मगुरूंच्या याद्या लिहितो, आणि बायकांच्या हाताचे काम ‘हौस’ या शब्दात गुंडाळून ठेवतो.

म्हणून ज्या मुलीला हे शिकावेसे वाटते, तिने लहानशा गोल रुमालापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. सुरुवातीला फार बारीक दोरा घेऊ नये. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक, हे ध्यानात ठेवावे. सहा साखळ्या घालाव्यात आणि मुक्या टाक्याने जोडून त्यांचे कडे करावे. तीन साखळ्यांचा पहिला खांब धरून त्या कड्यात एकूण बारा खांब घालावेत. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवून छत्तीस. दर फेरीला बाराच खांब वाढवायचे, कारण वर्तुळाचा घेर त्याच मापाने वाढत जातो. वाढ कमी पडली तर रुमालाची वाटी होते. जास्त झाली तर त्याला झालरीसारख्या लाटा येतात. पहिला रुमाल बहुधा वाटीसारखाच होतो. तो उसवावा आणि त्याच दोऱ्याने पुन्हा विणावा. क्रोशाचा टाका ओढला की सुटतो, दोरा वाया जात नाही. एवढे जमले की साखळ्यांच्या कमानी आणि पाकळ्या आपोआप सुचू लागतात. दोन सुयांचे विणकाम यंत्राने सर्रास होते, पण बाजारातील खरे क्रोशे आजही कोणीतरी हातानेच केलेले असते. रस्त्यावर शंभर रुपयांत मिळणारा रुमाल हातात घेताना एवढे तरी मनात यावे.

आणि शिकताना त्या मुलीने आजीला विचारावे : तुला हे कोणी शिकवले? कोणत्या शाळेत, कोणत्या घरी? पहिला रुमाल कोणाला दिला? कधी विकला होता का, किती पैसे आले? त्या पैशांचे काय केले? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. आपल्या समाजाच्या इतिहासाची ही पाने अजून कोरी आहेत, आणि ती भरणारी माणसे दरवर्षी आपल्यातून जात आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथेची हकीकत आहे. ग्रीक भाषेत तिचे नाव दुर्कस. ती मरण पावली तेव्हा पेत्र तेथे आला, आणि विधवा रडत त्याच्याभोवती जमल्या. तिच्या थोरवीचा पुरावा म्हणून त्यांनी तिने केलेली वस्त्रे हातांत धरून त्याला दाखवली. पवित्र शास्त्राने तिचे एकही वाक्य नोंदवलेले नाही. तिच्या हातचे काम मात्र नोंदवले, आणि तिचे नावही.